स्टिअरिंगमधली कटकट : मोटर आणि वर्म यांच्यामधले कपलिंग कसे ओळखायचे, काढायचे आणि बसवायचे

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे. स्टिअरिंग डावीउजवीकडे जरासे हलवले की डॅशबोर्डच्या आतून ‘कट्-कट्’ असा आवाज येतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तोच हाताला जाणवतो. गिऱ्हाईक म्हणते, “सस्पेन्शनचा आवाज आहे.” मग लिंक रॉड बदलला जातो, टाय रॉडचे एंड बदलले जातात, कधी तर खालची चाके वळवणारी दातेरी पट्टी, म्हणजे अख्खी रॅक, बदलली जाते. आवाज तसाच राहतो, कारण तो खालून येतच नसतो. तो येतो चालकाच्या गुडघ्यांच्या वर, स्टिअरिंगपासून खाली जाणाऱ्या नळ्याला, म्हणजे कॉलमला, लटकलेली इलेक्ट्रिक मोटर आणि तिच्या पुढचा मळसूत्रासारखा वर्म यांच्यामध्ये बसलेल्या एका छोट्या लवचिक तुकड्यातून. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘कपलिंग’ म्हणतात, काही जण ‘रबर’ म्हणतात. तो बाहेर काढला की हातात चक्क चुरा येतो.

हे काम अवघड नाही, पण जोखमीचे आहे. वाटेत एअरबॅग आहे, टॉर्क सेन्सर आहे, आणि चूक झाली तर ती रस्त्यावर कळते. म्हणून एअरबॅगच्या आसपास कधी हात घातला नसेल, तर जाणत्या माणसाला सोबत घेऊनच सुरुवात करा. हा लेख फक्त कॉलमवर मोटर असलेल्या स्टिअरिंगसाठी आहे. रॅकवर मोटर असलेल्या गाड्यांची रचना वेगळी असते, तिथे हा क्रम लागू होत नाही.

आधी आत काय आहे ते समजून घ्या

कॉलमवर मोटर बसवलेले इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग १९८८ साली जपानमध्ये सुझुकी सर्व्हो या छोट्या गाडीत पहिल्यांदा आले. मूळ कल्पना आजही तीच आहे. तुम्ही स्टिअरिंग फिरवता तेव्हा कॉलममधली एक बारीक पोलादी कांडी, म्हणजे टॉर्शन बार, किंचित पिळली जाते. तो पीळ सेन्सर मोजतो, कंट्रोल युनिट त्यावरून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवते, आणि मोटर वर्म फिरवते. वर्म म्हणजे पोलादी मळसूत्र. ते ज्या चाकात अडकते त्या वर्म व्हीलचा गाभा पोलादी असतो, पण दात बहुधा नायलॉनचे असतात. हे चाक कॉलमच्या खालच्या शाफ्टवर पक्के बसलेले असते, त्यामुळे मोटरचा जोर तिथून खाली गाडीच्या चाकांकडे जातो.

मध्ये वर्म कशासाठी? मोटर छोटी असते, वेगाने फिरते, पण तिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), थोडा असतो. उदाहरणादाखल दोन आट्यांचा वर्म आणि ३७ दातांचे चाक धरू. मोटर १८.५ फेरे फिरेल तेव्हा स्टिअरिंग शाफ्टचा एक फेरा होईल. मोटरचा पीळ ३ न्यूटन-मीटर असेल, तर घर्षणातली घट वजा जाता शाफ्टवर सुमारे ४५ न्यूटन-मीटर मिळतात. उभ्या गाडीची चाके वळवायला एवढा जोर लहान गाडीत पुष्कळ कामाला येतो.

या वर्ममध्ये एक खास गोष्ट आहे. गिटारची तार ताणायची खुंटी पाहा. तिथेही वर्मच असतो. खुंटीने तार ताणता येते, पण तारेच्या ओढीने खुंटी उलटी फिरत नाही. असा ‘अडकणारा’ वर्म स्टिअरिंगमध्ये असता तर मोटर बंद पडताच स्टिअरिंग जागीच जाम झाले असते, आणि वळणानंतर चाके आपोआप सरळही झाली नसती. म्हणून इथे आट्यांचा कोन मुद्दाम मोठा ठेवतात. कोन १५ अंश आणि घर्षणाचा कोन ३ अंश धरला, तर मोटरकडून चाकाकडे सुमारे ८२ टक्के शक्ती पोचते आणि उलट दिशेनेही सुमारे ७९ टक्के परत येते. दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने फिरणे हा या वर्मचा जीव आहे. पुढच्या प्रत्येक पायरीत हेच जपायचे आहे.

कपलिंग मऊ का असते

इथे थोडे जास्त थांबतो, कारण सगळ्या चुकीच्या दुरुस्त्या हे न कळल्यामुळे होतात.

मोटरचा शाफ्ट आणि वर्मचा शाफ्ट कडक जोडता आले असते. तरी तसे करत नाहीत. नायलॉनचे दात हवेतला ओलावा शोषून किंचित फुगतात. उन्हात हाऊसिंगचे, म्हणजे वर्म आणि चाक ज्या पेटीत बसतात तिचे, ॲल्युमिनियम एका प्रमाणात प्रसरण पावते, नायलॉन त्याहून जास्त. कोकणातल्या पावसाळ्यात आणि विदर्भातल्या मे महिन्यात त्याच गाडीतल्या त्याच दोन दातांमधली फट सारखी राहत नाही. फट वाढली तर खडखड, बुजली तर स्टिअरिंग जड. यावर उपाय म्हणून अनेक कॉलममध्ये वर्मचे लांबचे टोक स्प्रिंगने चाकाकडे दाबलेले असते. मोटरकडच्या बेअरिंगवर टेकून वर्म अगदी थोडा, केसभर कलतो आणि फट आपोआप भरून निघते. हे कलणे शक्य व्हायचे तर मोटर आणि वर्म यांच्यामधला सांधा लवचिक हवाच.

दुसरे कारण जोराचे. शाफ्टवर ४५ न्यूटन-मीटर पीळ पडतो आणि वर्म व्हीलची त्रिज्या साधारण ४५ मिलिमीटर धरली, तर दातावर सुमारे १००० न्यूटन जोर येतो. म्हणजे शंभर किलोचे ओझे. हा जोर वर्मला लांबीच्या दिशेने ढकलतो. डावीकडे वळताना एका बाजूला, उजवीकडे वळताना दुसऱ्या बाजूला. तो झेलायचे काम वर्मच्या बेअरिंगचे आहे. मोटरच्या छोट्या बेअरिंगपर्यंत तो पोचता कामा नये. म्हणून कपलिंगमध्ये लांबीच्या दिशेने थोडी मोकळीक ठेवलेली असते. हेच कपलिंग पीळ पोचवते आणि ढकल अडवते.

तिसरे कारण आवाजाचे. मोटर आणि वर्म यांच्या टोकांना धातूची नखे असतात, त्यांच्यामध्ये कपलिंग बसते. या नखांची त्रिज्या १० मिलिमीटर आणि झिजून पडलेली फट ०.३ मिलिमीटर धरा. मोटरच्या शाफ्टवर हा पावणेदोन अंशांचा खेळ झाला. स्टिअरिंगवर मात्र तो १८.५ ने भागला जातो, आणि हाताशी, रिंगच्या कडेला, जेमतेम ०.३ मिलिमीटर उरतो. म्हणजे स्टिअरिंग ढिले लागणार नाही. पण मोटरच्या रोटरची, म्हणजे आतल्या फिरत्या भागाची, जडता स्टिअरिंगकडून पाहिली तर १८.५ गुणिले १८.५, म्हणजे सुमारे ३४२ पट जाणवते. तो जड रोटर एवढ्याशा फटीत पुढेमागे आपटतो. त्या आपटण्याचा आवाज येतो, हाताला खेळ सापडत नाही, आणि माणूस भलतीकडे शोधत राहतो.

आता कोणी त्या फटीत एपॉक्सी भरली किंवा नायलॉनचा कडक तुकडा खरडून बसवला, तर काय होते ते पाहा. पहिले दोन दिवस आवाज शून्य. पण वर्मचे कलणे बंद झालेले असते, स्प्रिंगचे काम थांबलेले असते, आणि प्रत्येक धक्का आता नायलॉनच्या दातांवर बसतो. अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. स्टिअरिंग वळणातून परत यायला तयार नव्हते आणि वर्म व्हीलच्या दातांवर पांढरी भुकटी जमली होती. एका रबरी तुकड्याचा खर्च वाचवताना अख्खा कॉलम गेला. ट्यूबचे रबर कापून बसवणे हेही तितकेच वाईट, फक्त ते लवकर तुटते.

निदान : कॉलम खोलण्याआधी अर्धा तास

डॅशवर स्टिअरिंगचा दिवा पेटलेला असेल तर कपलिंगपासून सुरुवात करू नका. आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि टर्मिनल तपासा, मग स्कॅनरने कंट्रोल युनिटमधले दोषाचे कोड वाचा. ही मोटर गाडी उभी असताना वळवताना दहा-वीस नव्हे, त्याहूनही जास्त अँपिअर ओढू शकते. बॅटरी मेलेली असेल तर सिस्टीम स्वतःच मदत कमी करते. कपलिंग झिजले म्हणून कोड सहसा येत नाही, कारण विद्युत भागाला त्यात काही वावगे दिसत नाही.

दिवा नसेल तर हॅन्डब्रेक ओढून इंजिन चालू ठेवा. मदतनिसाला स्टिअरिंग मधोमध धरून दहा-पंधरा अंशांतच झटपट डावीउजवीकडे हलवायला सांगा. तुम्ही खाली वाकून बोटांची टोके आधी मोटरच्या अंगावर ठेवा, मग कॉलम आणि रॅक यांना जोडणाऱ्या खालच्या इंटरमिजिएट शाफ्टच्या क्रॉस जॉइंटवर, मग बॉनेट उघडून पोचता येईल तेवढे रॅकच्या पिनियनजवळ. ठोका जिथे सर्वांत टोकदार लागेल तिथे दोष आहे. कानापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. कॉलम हा पोकळ नळा आहे, आवाज कुठूनही कुठेही नेतो.

मग इंजिन बंद करून किल्ली अशा ठिकाणी ठेवा की स्टिअरिंग लॉक पडणार नाही पण मोटर निष्क्रिय असेल. परत हलवा. क्रॉस जॉइंट किंवा रॅकमधला खेळ असेल तर ठोका जवळजवळ तसाच राहतो. कपलिंगचा असेल तर त्याची जात बदलते. एवढ्या एकाच खुणेवर निर्णय घेऊ नका, बोटांची चाचणी आणि ही, दोन्ही जुळायला हव्यात.

जमवाजमव

नवे कपलिंग गाडीच्या मॉडेल आणि सालाप्रमाणे घ्या, आणि दुकानातच व्हर्नियरने मोजा : बाहेरचा व्यास, जाडी, नखांच्या मध्ये बसणाऱ्या पाकळ्यांची संख्या. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत एकसारखे दिसणारे पण जाडीत थोडे वेगळे तुकडे मला मिळाले आहेत, आणि ती थोडी जाडी पुढे फार महागात पडते. काही जुनी कपलिंगे पॉलियुरेथेनची असतात. उष्णता आणि दमटपणा मिळून त्या पदार्थाचे काही प्रकार कालांतराने ठिसूळ होतात. म्हणून वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले पाकीट घेऊ नका. तुकडा बोटांत पिळून पाहा. त्याने लगेच मूळ आकारात परत यायला हवे, आणि वळ किंवा तडा उमटता कामा नये.

बाकी सामान साधे : ८, १० आणि १२ चे सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, छोटा टॉर्क पाना, प्लास्टिकच्या पट्ट्या उचलायची चपटी पट्टी, रंगाचा मार्कर, धागे न सोडणारे फडके, मऊ ब्रश, मुलांची मळायची माती, स्कॅनर. तुमच्या गाडीचे टॉर्कचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधून आधी लिहून ठेवा. मी इथे आकडे देत नाही, कारण ते गाडीगणिक बदलतात आणि ॲल्युमिनियमच्या हाऊसिंगमधले आटे एका चुकीच्या आकड्याने जातात.

कॉलम काढणे

चाके सरळ करा. किल्ली काढा. बॅटरीचे ऋण टोक सोडवून बाजूला बांधून ठेवा, आणि मग दहा मिनिटे खरोखर थांबा. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये साठलेला भार ओसरायला वेळ लागतो. पिवळे कनेक्टर दिसले की ते एअरबॅगचे समजा. त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही. एअरबॅग काढावी लागली तर तिची सजावटीची बाजू अंगापासून दूर धरून उचला आणि ठेवताना तीच बाजू वर ठेवा.

आता स्टिअरिंग सीटबेल्टने बांधून टाका. खालचा सांधा सुटल्यावर कॉलम मोकळा होतो, कोणाच्या धक्क्याने स्टिअरिंग दोन-चार फेरे फिरले की वरची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगकडे जाणारी गुंडाळलेली वायरपट्टी, ताणून तुटते आणि एअरबॅगचे नवे दुखणे सुरू होते.

गुडघ्यासमोरचे पॅनेल, कॉलमचे वरचे-खालचे कव्हर, मग वायरींचे कनेक्टर. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. कंट्रोल युनिटचा जाड पॉवर कनेक्टर खटका दाबूनच निघतो, वायर ओढून नाही. खाली इंटरमिजिएट शाफ्टच्या सांध्यावर शाफ्ट आणि जॉइंट दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ मार्करने ओढा. तिथला बोल्ट ढिला करून भागत नाही. तो शाफ्टच्या खाचेतून आरपार जातो, म्हणून पूर्ण काढावा लागतो.

कॉलमचे नट काढताना मदतनिसाने तो खालून धरावा. कॉलम उतरवताना सीटबेल्टची गाठ सोडावी लागते, तेव्हा स्टिअरिंग फिरू देऊ नका. मोटरसकट वजन बऱ्यापैकी असते. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारणे पूर्ण वर्ज्य. अपघातात चेपण्यासाठी कॉलम मुद्दाम सरकणारा बनवलेला असतो आणि आत टॉर्शन बार आहे. दोघांनाही ठोका सोसत नाही. काही गाड्यांत कॉलम नुसता खाली उतरवून जागेवरच मोटर काढता येते. जमते, पण मी तरी कॉलम टेबलावर घेतो. वाकून, अंधारात, एका हाताने बसवलेल्या कपलिंगवर माझा भरवसा बसत नाही.

टेबलावर : मोटर वेगळी करणे

आधी बाहेरची धूळ ब्रशने झाडा, नंतर मोटर आणि हाऊसिंग यांच्या सांध्यावर खूण करा. मोटरचे दोन किंवा तीन बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीने सोडवा आणि मोटर सरळ बाहेर ओढा. तिरकी काढू नका. कंट्रोल युनिट मोटरच्याच पाठीवर असेल तर ते उघडायचे कारण नाही. मोटरच्या शाफ्टवर ठोका मारायचा नाही, कारण ब्रशविरहित मोटरमध्ये रोटरची जागा ओळखणारा सेन्सर असतो आणि तो बिथरला तर मोटर थरथरते.

आता जुने कपलिंग दिसेल. ते अख्खे असले तरी पाकळ्यांच्या कडा दबलेल्या असतात, आणि बऱ्याचदा काळपट किंवा नारिंगी चुराच मिळतो. तो चिमट्याने आणि कोरड्या फडक्याने वेचून काढा. पेट्रोल, डिझेल, थिनर यांनी धुऊ नका. त्याने वर्मच्या बेअरिंगमधले ग्रीस वाहून जाते आणि चुऱ्याचे कण आत जातात. हवेचा फवाराही आतल्या दिशेने मारू नका.

मोकळ्या झालेल्या या जागेत तीन गोष्टी तपासाव्यात.

धातूची नखे : मोटरकडची आणि वर्मकडची. त्यांच्या बाजू गुळगुळीत हव्यात. रबर गेल्यावर धातू धातूवर बराच काळ आपटला असेल तर कडांना चीर किंवा खड्डा पडतो, आणि अशी कड नवे कपलिंग काही महिन्यांत कापते. हलकी चीर बारीक तेलदगडाने मारता येते. खोल असेल तर ती नखे असलेला भाग, म्हणजे हब, बदलायला हवा.

वर्मचे बेअरिंग : वर्मचे टोक बोटांनी फिरवा. रखरख लागली किंवा टोक आडवे हलवल्यावर टकटक झाली, तर कपलिंग बदलून आवाज पूर्ण जाणार नाही. स्प्रिंगमुळे जाणवणारी मऊ लवचिकता आणि बेअरिंगमधला कोरडा खेळ यांत गल्लत करू नका. पहिली परत ढकलते, दुसरा नुसता हलतो.

वर्म व्हील : वर्मवर मार्करने ठिपका ठेवा आणि कॉलमचा खालचा शाफ्ट हाताने सावकाश पाव फेरा फिरवा. प्रमाण १८.५ असेल तर वर्म साडेचार फेऱ्यांहून किंचित जास्त फिरतो. फेरे मोजण्याने प्रमाण कळते, पण खरा फायदा वेगळा आहे. पूर्ण प्रवासभर तो सारख्याच हलकेपणाने फिरतो का, हे हाताला कळते. गाडी बहुतेक वेळ सरळ जाते, म्हणून मधल्या जागेचे दात सर्वांत आधी झिजतात. तिथे ढिले आणि टोकांना घट्ट लागले तर चाक झिजले आहे. अशा वेळी गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा की कपलिंगने आवाज कमी होईल, संपणार नाही.

ग्रीस तपकिरी होऊन कोरडे पडले नसेल तर हात लावू नका. घालायचेच असेल तर नायलॉन आणि पोलादाच्या जोडीसाठी असलेले कृत्रिम तेलाचे ग्रीस, तेही मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच. चेसिसचे ग्रीस इथे चालत नाही असे धरून चाला.

जोडणी

नवे कपलिंग आधी वर्मकडच्या हबवर कोरडेच बसवा. बोटांच्या दाबाने बसायला हवे. फार घट्ट जात असेल तर तुकडा चुकीचा आहे. कानसून लहान करू नका, बदलून आणा. पाकळ्यांवर ग्रीस लावायची सवय काहींना असते. खनिज तेलाचे ग्रीस बऱ्याच रबरांना फुगवते, म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितले नसेल तर कोरडेच ठेवा.

आता लांबीच्या दिशेची मोकळीक मोजायची. हे पाऊल जवळपास कोणीच करत नाही, आणि माझ्या मते हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. मळायच्या मातीची वाटाण्याएवढी गोळी कपलिंगच्या मधोमध ठेवा, मोटरकडच्या धातूला पाण्याचे बोट लावा म्हणजे माती चिकटणार नाही, मोटर जागेवर हाताने पूर्ण बसवा आणि सरळ परत काढा. चपटी झालेली गोळी ब्लेडने मधोमध कापून जाडी मोजा. तेवढीच तुमची मोकळीक. माती अगदी कागदासारखी झाली असेल, तर मोटर आणि वर्म एकमेकांना टेकत आहेत आणि वर्मची ती शंभर किलोची ढकल उद्या मोटरच्या बेअरिंगवर येणार आहे. तुकड्याची जाडी, हब पूर्ण आत बसला आहे का, फ्लँजवर, म्हणजे मोटरच्या हाऊसिंगला टेकणाऱ्या कडेवर, कचरा आहे का, हे तपासा. मोजून झाल्यावर मातीचा कणही आत राहू देऊ नका, पाणीही पुसून घ्या.

मोटरच्या फ्लँजची आणि हाऊसिंगची बसायची जागा स्वच्छ करा. जुना रंग, गंज, वाळलेला सीलंट यांचा एका बाजूला राहिलेला पापुद्राही मोटर कलती करतो. ओ-रिंग नवी घ्या.

मोटरचा शाफ्ट बोटाने फिरवत नखे कपलिंगच्या खाचांसमोर आणा आणि मोटर सरळ आत सरकवा. खूण जुळवा. मोटर हाताच्या दाबाने फ्लँजला चारही बाजूंनी पूर्ण टेकली पाहिजे. एक-दोन मिलिमीटर फट उरली असेल तर नख नखावर किंवा पाकळीवर चढले आहे. पुन्हा काढा, शाफ्ट थोडा फिरवा, पुन्हा लावा. ही फट बोल्टने ओढून कधीही बुजवू नका. मी सुरुवातीच्या वर्षांत एकदा तसे केले आहे. पावसाळ्यातली संध्याकाळ होती, गिऱ्हाईकाला गावाला निघायचे होते, फट थोडीशीच होती आणि बोल्ट सहज फिरत होते. दुसऱ्या आठवड्यात ती गाडी परत आली. स्टिअरिंग एका बाजूला जड, दुसऱ्या बाजूला ठीक. खोलले तर एक पाकळी नखाखाली चिरडून सपाट झाली होती आणि मोटरच्या बेअरिंगवर सतत दाब होता. तेव्हापासून फ्लँज हाताने टेकल्याशिवाय मी बोल्टला हात लावत नाही.

बोल्ट सगळे हाताने लावा, मग आळीपाळीने, दोन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कला घट्ट करा.

कॉलम गाडीत चढवण्याआधी खालचा शाफ्ट हाताने मधल्या जागेपासून दोन्ही दिशांना एकेक फेरा फिरवा आणि परत मध्यावर आणा, म्हणजे क्लॉक स्प्रिंग ताणली जाणार नाही. आता मोटरही सोबत फिरते आहे, म्हणून आधीपेक्षा जड लागेल आणि चुंबकांमुळे बारीकसे टप्पे जाणवतील. ते ठीक. पण एका ठराविक जागी प्रत्येक वेळी अडखळले, किंवा डावीकडे हलके आणि उजवीकडे जड लागले, तर थांबा आणि मोटर पुन्हा काढा. हे इथे पाच मिनिटांचे काम आहे, गाडीत गेल्यावर परत चार तासांचे.

गाडीत परत

कॉलमचे नट आधी सगळे हाताने चढवा, कॉलम त्याच्या जागी नैसर्गिक बसू द्या, नंतर घट्ट करा. स्टिअरिंग पुन्हा सीटबेल्टने बांधा. खालच्या सांध्याची रेघ जुळवा, बोल्ट शक्यतो नवा वापरा आणि टॉर्क पान्यानेच आवळा. या एका बोल्टवर गाडीची दिशा अवलंबून असते. मी तो आवळल्यावर त्यावर रंगाची खूण करतो आणि मदतनिसाला स्वतंत्रपणे तपासायला लावतो. हा सांधा पक्का झाल्यावरच सीटबेल्टची गाठ सोडा. कनेक्टर ‘टक’ आवाजापर्यंत दाबा, फोटोंशी ताडून पाहा. बॅटरी सगळ्यात शेवटी. पहिल्यांदा किल्ली फिरवताना स्टिअरिंगसमोर बसू नका; हात खिडकीतून आत घालून फिरवा.

शून्य ठरवणे आणि चाचणी

एअरबॅगचा आणि स्टिअरिंगचा, दोन्ही दिवे पेटून विझले पाहिजेत. स्टिअरिंगचा दिवा राहिला तर स्कॅनरने कोड वाचा. बॅटरी काढल्याने काही गाड्या स्टिअरिंगच्या कोनाचा शून्य बिंदू विसरतात. काहींत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले की तो परत येतो, काहींत स्कॅनरनेच द्यावा लागतो. तो देताना गाडी सपाट जागेवर, चाके सरळ आणि हात स्टिअरिंगपासून पूर्ण दूर हवेत. हाताचा हलका भारसुद्धा टॉर्क सेन्सरला पीळ वाटतो, मग तोच चुकीचा शून्य पक्का होतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

मग निदानाच्या वेळची तीच चाचणी करा : इंजिन चालू, दहा-पंधरा अंश, झटपट. बोटे मोटरच्या अंगावर. पूर्ण टोकाला वळवून दोन्हीकडचा जोर सारखा लागतो का पाहा, पण टोकाला धरून ठेवू नका. मोटर तिथे जागच्या जागी करंट पीत तापते आणि कंट्रोल युनिट मदत कमी करते. स्कॅनर मोटरचा करंट दाखवत असेल तर सरळ चाकांवर, हात सोडून, तो शून्याच्या आसपास हवा.

रस्त्यावर आधी मोकळ्या मैदानात, ताशी २० किलोमीटरने. वळण घेऊन पकड सैल करा. स्टिअरिंग आपणहून, न अडखळता मध्याकडे यायला हवे. वर्मचा मोकळेपणा शाबूत आहे याची ही सर्वांत भरवशाची खूण. त्यानंतरच खडबडीत रस्ता. आवाज गेला पण स्टिअरिंग परत यायला आळस करते आहे, तर काम झालेले नाही. मोटर काढून मोकळीक पुन्हा मोजा.

पाचशे किलोमीटरनंतर गाडी पाच मिनिटांसाठी परत बोलवा. खालच्या सांध्याच्या बोल्टवरची रंगाची खूण जागेवर आहे का, कॉलमचे नट तसेच आहेत का, एवढे पाहा, आणि गाडी सावलीत बराच वेळ उभी राहिलेली असताना एकदा आणि उन्हात तापलेली असताना एकदा स्टिअरिंग हलवून आवाज ऐका.